उपासनागीते सर्वांसाठी मोकळी करायची असतील, तर परवानगी लिहून ठेवा

सलाम. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या दहा वर्षांत आपण तीसेक उपासनागीते रचली, त्यांतली बरीचशी आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) नेमाने गायली जातात, आणि आता शेजारच्या तालुक्यांतल्या मंडळ्याही ती मागू लागल्या आहेत. एका स्टुडिओने "सर्व हक्क लिहून दिलेत तर आमच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करतो" असे कळवले आहे. आपल्याला गीतांतून पैसा नको आहे. ती कोणीही, कोठेही गावीत, मात्र कोणी ती स्वतःच्या नावावर खपवू नयेत, एवढीच आपली इच्छा आहे. म्हणून आपण विचारता की, कॉपीराइट घ्यावा की सोडून द्यावा?

मी वकील नाही. सत्तावीस वर्षे मंडळीत गायन चालवतो, गीते रचतो, आणि दोन गीतसंग्रहांच्या संपादनात माझा हात होता. त्या कामात जे शिकलो, ते सांगतो. करारावर सही करायची वेळ आली, तर मात्र तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

"घ्यावा की सोडावा" या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार कॉपीराइट मागावा लागत नाही. गीत कागदावर उतरले की तो रचणाऱ्याकडे आपोआप येतो. नोंदणी ऐच्छिक आहे. तिचा उपयोग पुराव्यापुरता होतो आणि तिचे शुल्क एका गीताला ५०० रुपये आहे, म्हणजे तीस गीतांचे पंधरा हजार. तेव्हा आपल्याकडे हक्क आधीपासूनच आहे आणि आपल्या हयातीनंतर आणखी साठ वर्षे तो आपल्या वारसांकडे राहील. आपण काहीच केले नाही, तर आपली गीते मोकळी होत नाहीत. ती बंदच राहतात, फक्त दाराला कुलूप दिसत नाही.

याचा अर्थ मला पहिल्या गीतसंग्रहाच्या वेळी कळला. आमच्या भागात एक वयोवृद्ध कवी होते. त्यांच्याकडे कोणी गीत मागितले की ते वहीतले पान उतरवून देत आणि म्हणत, "गा हो, विचारता काय." ते गेल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आम्ही संग्रह छापायला घेतला. त्यांची अकरा गीते त्यात घ्यायची होती. मुले मुंबईला गेली होती आणि तेथून आणखी कोठे, ते कोणाला ठाऊक नव्हते. "गा हो" हे सर्वांनी ऐकले होते, पण "छापा हो" असे लिहिलेले कोणापाशी नव्हते. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सावध स्वभावाचे. त्यांनी हरकत घेतली आणि ती बरोबर होती. अकराही गीते गळली. त्याच सुमारास दुसऱ्या एका छापखानेवाल्याने कोणालाही न विचारता त्यांतली चार गीते एका पुस्तिकेत घातली, आणि तीही कवीच्या नावाशिवाय. लेखी परवानगी नसली की नियम पाळणारा माणूस थांबतो आणि न पाळणाऱ्याला कसलीच अडचण येत नाही.

आता परवानगी नेमकी कशासाठी लागते, ते पाहू, कारण आपल्या मंडळ्यांत याबद्दल विनाकारण भीती आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे किंवा वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे आणि लग्नाच्या वरातीलाही ती लागू आहे. त्यामुळे रविवारच्या उपासनेत आपले गीत गाण्यासाठी शेजारच्या मंडळीला आपली परवानगी कधीच लागत नव्हती. ती लागते पुस्तकात छापायला, ध्वनिमुद्रण करून पसरवायला, यूट्यूबवर चढवायला, दुसऱ्या भाषेत नेऊन प्रसिद्ध करायला. अमेरिकेतही उपासनेतल्या गायनाला अशीच सूट आहे, पण तीच उपासना इंटरनेटवरून प्रक्षेपित केली की ती सूट पुरत नाही. तिकडच्या मराठी मंडळ्यांना आपली गीते ऑनलाइन उपासनेत हवी असतील, तर त्यांनाही लेखी परवानगी लागेल. आपण जे देणार आहात, ते मुख्यतः या चार-पाच गोष्टींसाठीचे मोकळेपण आहे.

परंतु देण्याआधी ते आपले आहे का, हे तपासणे भाग आहे, आणि या टप्प्यावर बहुतेकांची गाडी अडते. कायद्याच्या दृष्टीने गीताचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. चाल आपल्या पेटीवादकाने बांधली असेल, तर ती त्याची आहे, मग ती त्याने चहा पिता पिता दहा मिनिटांत बांधलेली का असेना. माझ्या सहा गीतांच्या चाली एका मित्राने बांधल्या. आम्ही दोघांनी बसून एका पानावर "दोघांच्या संमतीने पुढील अटींवर मोकळे" असे लिहून सह्या केल्या, तेव्हा तो हसत होता. तीन वर्षांनी तो परदेशी गेला आणि पुढे आमचे बोलणे तुटले. ते पान नसते, तर ती सहा गीते आज मी कोणाला देऊ शकलो नसतो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे उसनी चाल. चित्रपटगीताच्या किंवा नाट्यपदाच्या चालीवर शब्द बसवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि मंडळीला ती चाल आधीच येत असल्याने गीत पटकन उचललेही जाते. असे गीत उपासनेत गाता येते, पण त्याची चाल वाटून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. ओवी, साकी, दिंडी, अभंग यांच्या पारंपरिक चाली मात्र कोणाच्या मालकीच्या नाहीत, त्या वापरा. एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य स्तोत्रांचे बहुतेक स्वर आता मोकळे आहेत, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले नाहीत. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे शब्द मोकळे आहेत. परंतु त्यांच्या पदाला कोणी वीस वर्षांपूर्वी नवी चाल लावली असेल, तर ती चाल त्या माणसाची आहे.

पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, वचनांचेही असेच आहे. स्तोत्रसंहिता ही कोणाच्या मालकीची नाही, पण तिचे विशिष्ट मराठी भाषांतर असू शकते. आपण रोज वाचतो त्या भाषांतराचे हक्क बायबल सोसायटी ऑफ इंडियाकडे आहेत, आणि त्यातल्या ओळी जशाच्या तशा चालीत बसवून गीत मोकळे करायचे असेल, तर त्यांना विचारावे लागेल. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर मोकळे आहे, कारण रमाबाईंचे निधन १९२२ चे. मला मात्र तिसरा मार्ग अधिक आवडतो: वचन आठ दिवस मनात घोळवावे आणि स्वतःच्या शब्दांत लिहावे. गद्य भाषांतरातले वाक्य केरव्याच्या तालात बसवताना नाहीतरी त्याची मोडतोड होतेच.

आता अटींविषयी. "फुकट" या एका शब्दात निदान चार वेगळ्या इच्छा मिसळलेल्या असतात: पैसे नकोत, नाव राहावे, शब्द बदलू नयेत, आणि दुसऱ्याने यावर धंदा करू नये. यांतल्या कोणत्या खरोखर आपल्या आहेत, ते ठरवल्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या परवान्यांतला योग्य परवाना निवडता येतो. हे परवाने तयार मजकुराचे आहेत, जगभर ओळखले जातात आणि त्यांना शुल्क नाही.

माझ्या पहिल्या वीस गीतांवर मी "व्यापारी वापर नको" ही अट घातली होती. ऐकायला ती योग्य वाटते. पण एका मंडळीने छपाईखर्चापुरते तीस रुपये ठेवून पुस्तिका काढली आणि मला भीत भीत विचारले की, हा व्यापार झाला का? एका गायकाने मेळाव्याचे मानधन घेतले होते, त्यानेही तेच विचारले. प्रत्येकाला मी "चालेल" असे उत्तर देत राहिलो, आणि ज्या अटीला दरवेळी "चालेल" म्हणावे लागते, ती अट ठेवण्यात अर्थ नाही, हे उशिरा लक्षात आले. ज्याला खरोखर धंदा करायचा आहे, त्याच्यापुढे तिचा टिकाव किती लागेल, हा प्रश्न वेगळाच.

"शब्द बदलू नका" या अटीचा मोह अधिक मोठा असतो, आणि तो मलाही आहे. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७८० साली आपल्या लोकांसाठी स्तोत्रसंग्रह काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच विषय काढला आहे. त्यांची व त्यांच्या भावाची स्तोत्रे इतर लोक विचारल्याशिवाय छापत होते. वेस्लींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, छापायला आमची हरकत नाही, पण ती सुधारू नका, कारण अर्थ किंवा पद्य सुधारणे तुम्हाला जमणार नाही. आणि बदलच करायचा असेल, तर मूळ पाठ समासात तरी द्या. मला हा माणूस येथे फार जवळचा वाटतो. अडीचशे वर्षांपूर्वीची ही अट आजच्या परवान्यांच्या चौकटीतही जवळजवळ तशीच बसते.

तरीही ही अट मी काढून टाकली. वसईकडच्या एका गायकाला माझे गीत सामवेदी बोलीत हवे होते; भाषांतर हाही बदलच, म्हणून त्याने पत्र पाठवले, ते माझ्या हाती चार महिन्यांनी आले आणि तोवर त्यांचा नाताळ होऊन गेला होता. शिवाय मंडळी गाता गाता शब्द बदलतेच. वृद्ध बायका जोडाक्षर सोपे करतात, मुले ओळ गाळतात, आणि पाचव्या वर्षी तेच रूढ होते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या साध्या श्रेय-परवान्यातही (ज्यात रचनाकाराचे नाव देणे एवढीच मुख्य अट असते) बदल केला असल्यास तसे नमूद करण्याची अट असतेच. आणि कोणी गीत विकृत करून आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणली, तर कायद्याचे कलम ५७ रचनाकाराला दाद मागू देते. हक्क विकून टाकले, तरी तो अधिकार त्याच्याकडेच राहतो. माझ्या दृष्टीने एवढे संरक्षण पुरेसे आहे.

म्हणून माझी निवड अशी: नाव द्यावे, बदल केल्यास तसे सांगावे, आणि बदललेले गीत ह्याच अटींवर पुढे मोकळे ठेवावे. यालाच श्रेय व समवाटप परवाना म्हणतात. सध्याची आवृत्ती ४.०. गीतसंग्रहात आपले एक गीत घेतले म्हणून अख्खा संग्रह मोकळा करावा लागत नाही, तेव्हा प्रकाशकांनी घाबरायचे कारण नाही. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: हा परवाना दिल्यावर परत घेता येत नाही. गीत आपण आपल्या पानावरून काढू शकता, पण ज्याच्याकडे ते पोचले, त्याची परवानगी कायम राहते. त्यामुळे तीसही गीते एकदम देऊ नका. पाच द्या, एक वर्ष पाहा. आणि गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे आपण सदस्य असाल किंवा होणार असाल, तर आधी त्यांच्याशी बोला, कारण सदस्य होताना काही हक्क संस्थेकडे सोपवले जातात आणि सोपवलेली वस्तू पुन्हा वाटता येत नाही.

कॉपीराइट पूर्णपणे सोडून देण्याचीही कायद्यात सोय आहे. कलम २१ प्रमाणे जाहीर सूचना देऊन तो सोडता येतो. आपली नावाविषयीची इच्छा पाहता तो मार्ग मी सुचवणार नाही.

स्टुडिओला काय सांगावे? "सर्व हक्क" देऊ नका, हे माझे स्पष्ट मत. कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच सोपवता येतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परंतु तयार करारांत "कायमचे" आणि "जगभर" हे शब्द बहुधा असतातच. त्यांना सांगा की गीत मोकळ्या परवान्याखाली आहे, आपण अवश्य ध्वनिमुद्रण करा, विका देखील, पण दुसऱ्यांना अडवण्याचा हक्क आपल्याला मिळणार नाही. एवढे ऐकून ते मागे फिरले, तर त्यांना काय हवे होते, ते कळेल. त्यांच्या ध्वनिफितीवरचा हक्क त्यांचा राहील, आणि त्यांनी पैसे व श्रम घातल्यावर तो असायला हवाच.

यात एक खाच आहे, ती मी अनुभवाने जाणतो. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. तिच्यात एखादे ध्वनिमुद्रण घातले की त्याच्याशी जुळणारे सगळे व्हिडिओ ती शोधते आणि त्यांवर दावा लावते. आमच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण एका ओळखीच्या निर्मात्याने केले आणि वितरकाला देताना त्या यंत्रणेची चौकट टिचकी मारून मान्य केली. त्याच्या मनात पाप नव्हते. पण दोन महिन्यांनी आमच्याच तरुण संघाच्या, मोबाइलवर चित्रित केलेल्या नाताळच्या कार्यक्रमावर दावा आला आणि तो सुटायला सहा आठवडे लागले. त्या दिवसापासून मी ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडून एक ओळ लिहून घेतो की, हे मुद्रण कंटेंट आयडीमध्ये नोंदवले जाणार नाही. आपणही घ्या.

परवानगीचा मजकूर कसा असावा, असे बरेचजण विचारतात. मी गीताच्या पानावर असे लिहितो: "शब्द: अमुक. चाल: तमुक. रचना २०१९. हे गीत गाण्यास, छापण्यास, ध्वनिमुद्रित करण्यास, भाषांतर करण्यास आणि वाटण्यास कोणालाही मुभा आहे. रचनाकारांची नावे द्यावीत, बदल केला असल्यास तसे लिहावे, आणि बदललेले गीत याच अटींवर पुढे द्यावे. क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेय-समवाटप ४.० आंतरराष्ट्रीय परवाना." साधे मराठी वाक्य पेटीवादकासाठी आहे, आणि परवान्याचे नाव प्रकाशकाच्या वकिलासाठी.

हा मजकूर पानाच्या तळाशी ठेवू नका. व्हॉट्सॲपवर गीत पुढे जाताना तळाच्या ओळी सर्वांत आधी गळतात; कोणी कडव्यांचा फोटो काढतो, कोणी फक्त ध्रुपद उतरवून घेतो. नाव शीर्षकाच्या लगेच खाली असावे. आपल्या परंपरेने यावर फार पूर्वी तोड काढली होती: अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा गुंफली की ती गळत नाही, कारण ती गाळली तर अभंगच पुरा होत नाही. टिळकांच्या अभंगांत "दास" येतो तो असाच. आजच्या गीतप्रकारात मुद्रा कृत्रिम वाटते हे खरे, पण अभंग किंवा ओवी रचत असाल, तर जरूर वापरा. ती पुरावा म्हणून मात्र कच्ची आहे. "तुका म्हणे" जोडलेले प्रत्येक कवन तुकोबांचे नसते.

आता जे काम बहुतेकजण टाळतात, त्याकडे येतो. गीत मोकळे केले तरी ते गाता येण्याजोगे पोचले नाही, तर परवान्याचा उपयोग काय? शब्द युनिकोडमध्ये टंकित करा; जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की भलतीच अक्षरे दिसतात, आणि शनिवारी रात्री प्रोजेक्टरची तयारी करणारा मुलगा ते गीत सोडून देतो. पानावर पट्टी आणि ताल लिहा, सा-रे-ग-म स्वरलेखन द्या, आणि गिटारवाल्यांसाठी कॉर्ड द्या. चाल सव्वा सप्तकाच्या आत ठेवा. गायनवर्गातल्या आवाजासाठी बांधलेले गीत मंडळीला झेपत नाही. सोबत एक साधे ध्वनिमुद्रण ठेवा, एक आवाज आणि पेटी एवढेच. वाद्यमेळ घातलेले चकचकीत मुद्रण ऐकून खेड्यातला पेटीवादक "हे आपल्याला जमणार नाही" असे म्हणतो, पण साधे ऐकले की बोटे ठेवतो. फाइलवर आवृत्तीची तारीख घाला आणि ती इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. तेथे परवाना निवडण्याची सोय आहे, शुल्क नाही, आणि चढवल्याच्या तारखेची नोंद राहते, जी नोंदणी न करणाऱ्याला पुराव्यासारखी उपयोगी पडते.

वाटपाने कृती जगते, याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराण या मराठी ओवीबद्ध काव्याचे आहे. ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, सतराव्या शतकात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. ओव्या टिकल्या त्या लोकांनी गायल्या आणि हाताने उतरवून घेतल्या म्हणून. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती हस्तलिखितांवरूनच तयार झाली.

पैशाविषयी आपण काही विचारले नाही, तरी थोडे सांगतो. गीत फुकट देता येते, ते तयार करणे फुकट नसते. अमेरिकेतले गायक कीथ ग्रीन यांनी १९८० च्या सुमारास "ज्याला जेवढे परवडेल तेवढे द्या, नसेल तर काही देऊ नका" या तत्त्वावर आपले गाणे वाटायला सुरुवात केली, तेव्हा त्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी घर गहाण ठेवले होते. एवढे करायची आपल्याला गरज नाही, पण तबलजीला बिदागी द्यावी लागते आणि स्टुडिओच्या तासांचे पैसेही. मी हा खर्च मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात एक ओळ म्हणून मांडतो. गीत शिकवायला कोणी बोलावले आणि प्रवासखर्च व मानधन दिले, तर ते संकोच न करता घेतो. ते माझ्या वेळाचे असते, गीताचे नव्हे. ज्याचे घर गाण्यावर चालते, त्याला मी सगळे मोकळे कर असे कधीच सांगणार नाही. आपली नोकरी आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हा सल्ला आपल्याला देता येतो.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा: तीस गीतांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोठली ओळ शास्त्रातून जशीच्या तशी घेतली आहे, ते लिहा. माझा अंदाज आहे की दहा-बारा गीते कोणालाही न विचारता देण्याजोगी निघतील, काहींसाठी पेटीवादकाची सही लागेल, आणि दोन-चार गीतांच्या चाली बदलाव्या लागतील. त्या यादीची एक प्रत, सह्या केलेल्या परवानगीसह, घरात ठेवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. माझी प्रत मोठ्या पवित्र शास्त्राच्या मागच्या पानांत असते, आणि ती कोठे आहे हे माझ्या मुलीला ठाऊक आहे.